बाण कुठून निघतो?

भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत परवा कंडक्टरनं मशीनमधून माझं तिकीट काढलं, हातात दिलं आणि पुढं न जाता तिथंच थांबला.

"मॅडम, ओळखलं काय? तुमच्या ऑरगॅनिकमधे नापास झालो होतो मी."

आजूबाजूचे प्रवासी माझ्याकडं पाहू लागले. मी विचारलं, "एकदाच ना?"

"दोनदा. पण बेंझीन अजूनही काढता येते मले." असं म्हणून त्यानं खिशातला पेन काढला आणि माझ्याच तिकिटाच्या मागं झोकात षटकोन काढून दिला, आत गोल. धावत्या बसमध्ये इतका नेटका षटकोन मलाही जमला नसता.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी सगळी नोकरी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली. मुलं त्याला ऑरगॅनिक म्हणतात, आणि म्हणताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. आता निवृत्त झाले, तरी या विषयाबद्दल कुणी दोन शब्द विचारले तर माझं बोलणं लवकर संपत नाही. हा लेखही त्याच खोडीतून आला आहे.

ज्यांचा या शास्त्राशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कोणताही पदार्थ रेणूंचा बनलेला असतो, आणि रेणूतले अणू इलेक्ट्रॉनच्या जोड्यांनी एकमेकांना धरून असतात. एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होतो तेव्हा यातल्या काही जोड्या जागा बदलतात. कोणती जोडी कुठून उठली आणि कुठं जाऊन बसली, हे आम्ही वाकड्या बाणांनी दाखवतो. त्या बाणांच्या चित्राला मेकॅनिझम म्हणतात. सिंथेसिसचा प्रश्न याच्या पुढचा. त्यात सांगतात की हा पदार्थ तुझ्या हातात आहे, तो दुसरा पाहिजे, मधली वाट तू शोध. मुलांची गाडी अडते ती इथं. पहिल्या वर्षापासून त्यांनी अभिक्रिया पाठ केलेल्या असतात, आणि या प्रश्नात नेमकं मधलं सगळं कोरं असतं.

म्हणून मी शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या बाजूच्या फळ्यावर एक जादा तास घ्यायचे. हजेरी नाही, मार्क नाहीत. ज्याला यायचं त्यानं यावं. वैशाली कुमरे तिथं पहिल्यांदा आली ती माझ्याशी भांडायला.

वैशाली मोहर्लीची. ताडोबाच्या गेटवर सफारीची गाईड होती. पहाटेची फेरी करायची, पर्यटकांना वाघ दाखवायची, आणि मग बसनं चंद्रपूरला यायची. कधी कधी खाकी कपड्यांवरच वर्गात बसायची. घरी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा मागच्या वर्षाचं ऑरगॅनिक राहिलेलं होतं.

"मॅडम, मी सारं पाठ केलं होतं," ती म्हणाली. "एकही रिअॅक्शन सोडली नाई. पेपरात उलटं विचारलं तं मी काय करू?"

मी तिच्या हातात खडू दिला आणि दुहेरी बंध असलेला एक साधा रेणू फळ्यावर काढला. "याच्यावर आम्ल टाकलं. पहिला बाण काढ."

तिनं क्षणाचाही विचार न करता आम्लाच्या अधिक चिन्हापासून बाण काढला आणि रेणूवर नेऊन टेकवला.

"हा बाण काय सांगतो?"

"प्लस जाऊन त्याले पकडते."

"प्लसकडं इलेक्ट्रॉन आहेत?"

"नाई. कमी आहेत म्हणूनच तं प्लस आहे."

"मग ज्याच्याकडं नाहीत त्याच्याकडून कसे निघतील?"

 तिनं बोटानं बाण पुसला आणि दुहेरी बंधापासून आम्लाकडं नवीन काढला. वळून म्हणाली, "दोन वर्षं झाली, मी सारे बाण उलटे काढून राह्यली." आवाजात राग होता, आणि तो माझ्यावर नव्हता.

त्या दिवसापासून मी तिला एक अट घातली. उत्तर लिहायचं नाही. रेणू दिसला की फक्त सांगायचं, इलेक्ट्रॉन कुठं जास्त आहेत, कुठं कमी आहेत, आणि कोण कुणाकडं जाईल. पाठांतर तिचं एवढं पक्कं होतं की ही अट तिला शिक्षेसारखी वाटली. उत्तर जिभेवर यायचं आणि ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

याच तासाला तापस मंडल यायचा. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला. त्याचे आजोबा निर्वासित म्हणून आले आणि तिथं वसले. घरी बंगाली, वर्गात मराठी, होस्टेलवर हिंदी, आणि तिन्हींत तो सारखाच कमी बोलायचा. वर्गात पहिला, अक्षर छापल्यासारखं. कोणत्याही अभिक्रियेचं नाव सांगा, तो शोधणाऱ्या शास्त्रज्ञासकट सांगायचा. शनिवारी तो आमच्यात बसायचा खरा, पण बाकीची मुलं चाचपडताना त्याच्या चेहऱ्यावर रेल्वे फाटकात अडकलेल्या माणसाचा भाव असायचा.

एका शनिवारी मी एक प्रश्न टाकला. रेणूवर आम्ल टाकलं की एका कार्बनवर धनभार येतो, म्हणजे तिथं इलेक्ट्रॉन कमी पडतात. मग आम्लातलं क्लोरीन तिथंच येऊन बसायला पाहिजे. पण प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा शेजारच्या कार्बनवर बसलेलं सापडतं.

"रीअरेंजमेंट होते, मॅडम," तापस लगेच म्हणाला.

"होते म्हणजे काय होते?"

 तापसनं फक्त नाव सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. वैशाली मात्र उठून फळ्याजवळ गेली आणि तिथंच पुटपुटू लागली.

"या कार्बनवर भार आहे. याले दोन कार्बनचाच आधार आहे. बाजूवाला पाहा, त्याले चारी बाजूनं कार्बन लागून आहेत, गच्च भरला आहे तो. मग त्यातला एक कार्बन, मेथिल, इकडं सरकला तं?"

"एकटाच सरकला?"

"नाई." तिनं खडू उचलला. "जोडी घेऊन आला." आणि तिनं बाण काढला, बरोबर बंधाच्या मधोमध सुरू करून. "आता भार तिकडं गेला. तिथी तीन कार्बन सांभाळाले आहेत. इथी दोनच होते. तीन म्हणजे बरं. म्हणून क्लोरीन तिथी सापडते."

 माझ्याकडं न वळताच ती म्हणाली, "मॅडम, हे पाठ कराची गरजच नाई."

मी इतकी वर्षं हा धडा शिकवत होते आणि एवढा साधा रेणू पाहून माझ्या अंगावर काटा येईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी आला. मुलगी रडकुंडीला येऊन ज्या विषयाशी भांडत होती, तो तिच्या डोळ्यांसमोर उलगडला होता, आणि मी तिथं चार हातांच्या अंतरावर उभी होते.

त्यानंतर वैशालीनं सगळ्यांना हैराण केलं. कुणी काही म्हटलं की हिचं "काऊन?", म्हणजे "का?", तयार. कॅन्टीनमध्ये पोहे खाताना काऊन, बसस्टँडवर काऊन. तापसला तर ती रस्त्यात गाठायची. त्याला आवडत नसे, पण टाळताही येत नसे, कारण तिचा प्रश्न मनात राहिला की त्याला अभ्यास सुचत नसे.

मग आला प्रोपिलबेंझीनचा शनिवार. प्रश्न दिसायला सोपा होता. बेंझीनच्या कड्याला तीन कार्बनची सरळ शेपटी जोडायची. तापस उठला, शेपटीच्या टोकाला क्लोरीन असलेला रेणू घेतला, उत्प्रेरक टाकला, जोडून मोकळा झाला. पुस्तकात ही अभिक्रिया आहे, आणि फळ्यावर ती इतकी सुबक दिसत होती की मुलं उतरवूनही घेऊ लागली.

मागून वैशाली म्हणाली, "शेपटी वाकडी होईन."

तापसनं वळून पाहिलं. "कशी?"

"क्लोरीन निघालं की भार कुठी येईन? टोकावर. टोकाले एकाच कार्बनचा आधार. मग बाजूवाला हायड्रोजन जोडी घेऊन सरकन, अन् भार मधल्या कार्बनवर येईन. बेंझीन त्या मधल्याले धरन. सरळ शेपटी नाई होत, फाटा फुटते."

 मला वाटलं, आता वाद होणार. पण तापस "हो" म्हणाला आणि डस्टर घेऊन त्यानं स्वतःच आपलं उत्तर पुसलं. पुसताना त्याची पाठ आमच्याकडं होती.

"मग सरळ शेपटी लावायची कशी?" मी विचारलं. कुणालाच सुचलं नाही. मी सांगितलं नाही. मुलं कुरकुरत घरी गेली.

पुढच्या शनिवारी तापस माझ्याआधी येऊन बसला होता. मी दार उघडताच त्यानं फळा भरायला घेतला. शेपटी लावताना तिच्या पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन ठेवायचा, म्हणजे कार्बोनिल. मग धनभाराला ऑक्सिजनच आपली जोडी देऊन सांभाळतो आणि काहीही सरकायची गरज पडत नाही. शेपटी सरळ बसते. त्यानंतर जस्त आणि आम्ल वापरून तो ऑक्सिजन काढून टाकायचा.

"हे पुस्तकात होतं," तो म्हणाला. "दोन्ही अभिक्रिया वेगळ्या प्रकरणांत होत्या, मला दोन्ही पाठ होत्या. त्या एकमेकींना जोडायच्या असतात हे मले..." आणि तो थांबला. त्याच्या तोंडून 'मले' आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी तो वर्गात प्रमाण मराठी जपून बोलायचा.

"मस्त काढलं बे," वैशाली म्हणाली. तापसला हसू आवरेना.

मी मग त्यांना सोडलंच नाही. हीच सरळ शेपटी, पण आता कड्यावर ब्रोमीनही पाहिजे, आणि ते, शेपटीची जागा पहिली धरून, तिसऱ्या जागी. यात गोम अशी की शेपटी आधी लावली तर ती ब्रोमीनला दुसऱ्या किंवा चौथ्या जागी पाठवते, तिसऱ्या जागी सहसा जाऊ देत नाही. आठवडाभर विचार करा म्हणून मी प्रश्न देऊन टाकला.

तो कसा सुटला हे वैशालीनंच सांगितलं. आणि मोहर्लीच्या जिप्सीवाल्या राजूभाऊनं मला नंतर दुजोराही दिला, जरा वैतागून.

झालं असं की फेरीला निघालेली जिप्सी एका पाणवठ्यापाशी थांबली होती. वाघीण जवळपास असावी, म्हणून सगळे वाट पाहत बसलेले. वैशाली पुढं राजूभाऊच्या शेजारी. समोर डॅशबोर्डवर लाल धुळीचा थर. वाट पाहता पाहता तिनं बोटानं धुळीत षटकोन काढला, ब्रोमीन मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. मागच्या सीटवर एक वयस्कर बाई होत्या, मुंबईहून आलेल्या. त्या उभ्या राहून वाकल्या आणि म्हणाल्या, "ब्रोमीन आधी लावून बघ ना."

या बाईंनी औषधांच्या कारखान्यात आयुष्य काढलेलं. वैशालीला हे काही माहीत नव्हतं. ती वळून म्हणाली, "नाई जमत, बाई. ब्रोमीन आधी लावलं तं तेही येणाऱ्याले दुसऱ्या-चौथ्या जागीच पाठवते. त्याच्याजवळ जोडी असते ना देण्यासाठी."

बाई विचारात पडल्या. "बरोबर आहे तुझं. मग?"

"मग तिसऱ्या जागी पाठवणारा कोण?" वैशाली स्वतःशीच बोलू लागली. "जो कड्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेते तो. कार्बोनिल ओढते." आणि तिथं ती थबकली. "बाई, आमी कार्बोनिल लावतोच ना आधी. शेपटी सरळ राहावी म्हणून लावतो. मग इतक्या लवकर काढाचा काऊन? राहू द्या त्याले. त्याच्याच हातून ब्रोमीन तिसऱ्या जागी पाठवू. काम झाल्यावर काढू."

बाईंनी टाळी द्यायला हात पुढं केला. वैशालीनं टाळी दिली.

"बाई," राजूभाऊ हळूच म्हणाला, "वाघीण गेली."

वाघीण पाणवठ्याकाठच्या गवतातून उठून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या बांबूत शिरली होती. गाडीतल्या बाकीच्यांनी ती पाहिली. दोघींनी पाहिली नाही. राजूभाऊ मला म्हणाला होता, "मॅडम, गाईडच वाघाकडं पाठ करून बसली तं आमी लोकाईले काय सांगाचं?"

शनिवारी तिनं फळ्यावर ते मांडलं तेव्हा तापसही उत्तर घेऊन आला होता. त्याची वाट वेगळी होती, नायट्रो गट लावायचा, त्याचं रूपांतर करायचं, मग ते बदलायचं, अशी लांबच लांब. पण एकही बाण चुकीचा नव्हता. फळ्याच्या एका बाजूला त्याची वाट, दुसऱ्या बाजूला हिची. मुलांमध्ये दोन तट पडले. कुणी म्हणालं लांब वाटेत माल वाया जातो, कुणी म्हणालं पण ती जास्त भरवशाची आहे. शिपाईभाऊ किल्ल्या वाजवत दारात उभे राहिले तरी कुणी हलेना. ऑरगॅनिकच्या तासाला मुलांना बाहेर काढावं लागलं, हे माझ्या नोकरीतलं एकमेव उदाहरण.

त्या हिवाळ्यात दोघांनी मोठ्या संस्थेच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि दोघंही लेखी पार झाले. मुलाखत हैदराबादला होती. तापस तयारच होता. त्याच्या घरी, गावात, सगळीकडं हे आधीपासून ठरलेलं होतं की तापस मोठ्या ठिकाणी जाणार. वैशालीचं मात्र अडलं. हंगाम सुरू होता, गेटवर गाईडांची पाळी लागायची, आणि मोहर्लीत तिचं काम चांगलं चाललं होतं. तिचे बाबा मला भेटायला कॉलेजात आले. फारसं बोलणारे नव्हते. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांकडं पाहत म्हणाले, "मॅडम, इथी राह्यली तं डोळ्यासमोर राहीन. तिथी तिले काही कमी-जास्त झालं तं?"

मी म्हटलं, "भाऊ, मी काही हमी देऊ शकत नाही. पण तिला हे येतं. चांगलं येतं."

"ते दिसते," ते म्हणाले. "घरी चुलीजवळ बसून राखेत कायतरी काढत राह्यते. तिची माय राखड फेकते तं भांडते." मग म्हणाले, "जाऊ द्या तिले."

वैशालीची भीती वेगळीच होती. "मले इंग्रजी बोलता नाई येत. तिथी तोंड कसं उघडू?"

"खडू माग," मी सांगितलं. "आधी काढ, मग अडखळत का होईना, बोल."

मुलाखतीच्या दिवशी मी फोन जवळ घेऊन वर्ग घेतला, जे मी मुलांना कधी करू दिलं नव्हतं. दुपारनंतर फोन वाजला. वैशाली धापा टाकत बोलत होती.

"मॅडम, तिथल्या सरनं असा रेणू दिला की मी जिंदगीत पाह्यला नव्हता. मी पहिला बाण काढला, चुकला. मीच म्हंतलं, सॉरी, राँग, अन् पुसला. मग इलेक्ट्रॉन कुठी जास्त ते पाह्यलं, अन् तिथून सुरू केलं. दोन जागी जाऊ शकत होतं. मी म्हंतलं, टू पॉसिबल. तं एक सर म्हणे हे बरोबर, दुसरे म्हणे ते बरोबर. मॅडम, ते दोघं आपसातच भांडाले लागले. मी खडू घेऊन उभी."

"मग?"

"मग मी मधात बोलली. म्हंतलं, सर, हीट केलं तं हे, थंड ठेवलं तं ते. तं दोघंही चूप झाले."

मी वर्गात होते, समोर मुलं बसली होती, आणि मला खुर्चीत बसवेना. मी फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत फेऱ्या मारत तिचं बोलणं ऐकत राहिले.

वैशालीची निवड झाली. तापसची नाही.

हे मला अजूनही लागून आहे. तो तिच्यासोबतच रेल्वेनं परत आला, स्टेशनवरून होस्टेलला न जाता थेट कॉलेजात आला. प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसला. "मॅडम, प्रश्न मला येत नव्हता," तो म्हणाला. "येत नाही, एवढं म्हणून सुरुवात करता आली असती. वैशालीनं तसंच केलं. मी आठवत बसलो. हे कुठल्या प्रकरणात होतं, कुठल्या पानावर होतं. ते थांबले होते माझ्यासाठी, आणि मी पानं उलटत होतो डोक्यात." त्याला आणखी एक वर्ष मिळालं असतं तर, असं माझ्या मनात येत राहतं. आमचा शनिवारचा तास त्याला फार उशिरा लागू पडायला लागला होता.

त्यानं पुढं आपल्याच भागात राहून एम.एस्सी. केलं आणि आता तो मुलचेऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. काही महिने तो कुणाशी बोलत नव्हता. वैशालीनं मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. हैदराबादहून त्याला फोनवर रेणूंचे फोटो पाठवायची आणि खाली लिहायची, "सांग बे, काऊन?" आधी तो उत्तरं द्यायचा नाही. मग द्यायला लागला. मग उलट प्रश्न पाठवायला लागला.

आता वैशाली पीएच.डी. करते आहे. यंदा पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी तिचा फोन आला, आणि या वेळी आवाज पडलेला होता. तिनं तापसलाही फोनवर घेतलं होतं.

तिला एक रेणू बनवायचा होता. त्यात शेजारच्या दोन कार्बनांवर एकेक ऑक्सिजन, आणि त्या दोन ऑक्सिजनांपैकी ठराविक एकावर एक छोटा गट बसवायचा. तो बसत होता. पण शेवटी तपासलं की पट्टीवर दोन ठिपके यायचे. ही पट्टी म्हणजे आमची पारख असते. तिच्या तळाशी मिश्रणाचा थेंब लावायचा आणि ती द्रावकात उभी करायची, मग प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीपर्यंत चढतो. एक ठिपका म्हणजे एक पदार्थ. दोन ठिपके म्हणजे तिला हव्या त्या रेणूत नको असलेला भाऊबंद मिसळलेला. तिनं रसायनं बदलून पाहिली होती, तापमान बदलून पाहिलं होतं, आणि तिचे मार्गदर्शक आता हा मार्गच सोडून द्या म्हणत होते.

मी टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कडेला काढायला घेतलं. खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. असं सहसा होत नसे. वर्गात मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आधीपासून ठाऊक असायचं. इथं आम्ही तिघंही सारखेच अंधारात होतो.

"गट सरकत असेल," मी म्हटलं. "शेजारचा ऑक्सिजन आपली जोडी घेऊन त्या गटाच्या कार्बनवर येतो. घटकाभर पाच अणूंचं कडं बनतं. मग ते दुसऱ्या बाजूनं उघडतं, आणि गट या ऑक्सिजनवरून त्या ऑक्सिजनवर."

"मीही तेच काढलं, मॅडम," वैशाली म्हणाली. "पण तसं व्हाले त्या ऑक्सिजनचा हायड्रोजन कोणीतरी ओढून घेतला पायजे. अल्कली पायजे. माझ्या फ्लास्कमधे अल्कली नाईच."

 तापसच्या बाजूला कोंबडा आरवत होता.

"रिअॅक्शन झाल्यावर धुते कशानं?" तापसनं विचारलं.

"सोड्याच्या पाण्यानं. सारेच धुतात."

"लगेच वेगळं करते?"

"नाई, जरा ठेवते. थर नीट पडाले पायजे ना. तोवर चहा पिऊन येते."

"माझी पोरंही प्रॅक्टिकलला तसंच ठेवून डबा खायला जातात," तापस म्हणाला. "सोडा म्हणजे अल्कलीच आहे, वैशाली. तुझी रिअॅक्शन बरोबर आहे. तुझा गट फ्लास्कमधे नाही सरकत. तू चहा पिते तेव्हा सरकते."

 मग वैशाली हसायला लागली. तापस हसला. मी वर्तमानपत्राच्या कडेवर सोड्यापासून हायड्रोजनकडं जाणारा बाण काढला, तिथून पुढचा, तिथून पुढचा, आणि सगळे एकामागून एक जागच्या जागी बसत गेले.

दोन-तीन दिवसांनी मी बाजारातून भाजी घेऊन परत येत होते तेव्हा फोनवर फोटो आला. तिनं या वेळी सोडा वापरलाच नव्हता, थंड साध्या पाण्यानं धुऊन लगेच वेगळं केलं होतं. फोटोत हातमोज्यातल्या बोटांनी धरलेली पांढरी पट्टी होती. खाली काहीही लिहिलेलं नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला पिशवी ठेवली, पदरानं चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. ठिपका एकच होता.